मिठाचा पांढरा

...तर सूनबाई टेबलाखाली शिरली, इथपर्यंत आलो होतो आपण. वर तो एडिटर नुसता थयथयाट करतोय. सगळ्या सिनेमाचा आवाज गेला, मशीन मेलं, आता लोकांना काय तोंड दाखवू! आणि आमची सूनबाई खाली वायरींच्या गुंत्यात शांत बसलेली. तिला शिरताक्षणीच दिसलं होतं. त्या गृहस्थानं स्वतःच हेडफोन मशीनला लावला होता आणि तो खुर्चीमागे लोंबत होता. सगळा सिनेमा बिचारा खुर्चीच्या पाठीशी बडबडत होता. पण ती लगेच बाहेर आली नाही. थोडी खुडबुड केली, दोन-चार वायरी उगाच हलवल्या, हळूच हेडफोनची पिन उपसली आणि केसांतली जळमटं झटकत उठून म्हणाली, “वायर सैल होती.”

एडिटर खूश. “मी म्हणतच होतो, वायरच असणार!”

जिना उतरताना मी म्हटलं, “अगं, त्या शहाण्याला खरं काय ते सांगायचं तरी!”

“मामा, वायरीला नाक नसतं,” ती म्हणाली. “कापलं जात नाही.”

हे वाक्य तिचं नव्हे, तिच्या वडिलांचं. म्हणजे आमच्या व्याह्यांचं. आणि आज सांगायचं ते त्या दोघांचंच आहे. हेडफोनची गोष्ट नुसती तोंड धुवायला.

सूनबाईचा धंदा आधी सांगून ठेवतो, नाहीतर मध्येच विचाराल. सिनेमे, माहितीपट, जाहिराती जिथं कापतात-जोडतात, त्या खोल्यांमधली मशीनं बिघडली की हिला बोलावतात. चित्र अडखळतंय, आवाज ओठांच्या मागून येतोय, डिस्क दिसेनाशी झालीय, सॉफ्टवेअर उघडताच मिटतंय, असल्या तक्रारी. ही पाठीवर पिशवी टाकून जाते. गेल्या गेल्या हात लावत नाही. हात मांडीवर ठेवून बसते आणि विचारते, “काल काय बदललं?” समोरचा म्हणतो, “काहीच नाही.” सूनबाई म्हणते, जो जितक्या जोरात काहीच नाही म्हणतो, त्यानं तितकं मोठं काहीतरी बदललेलं असतं. आमच्या शाळेत मास्तरांनी “कुणी केलं?” विचारलं की सगळ्यात आधी मान हलवणारा मीच असायचो, त्यामुळं मला ते लगेच पटलं.

मग ती एकेक गोष्ट बदलत जाते. एका वेळी एकच. वायर बदलून बघ. नाही? पुन्हा जुनी लाव. डबा बदलून बघ. नाही? तो परत जागेवर. असं करत करत जे उरतं, तिथं बिघाड. आणि निघताना, बिघाड कुठं होता ते एका वाक्यात सांगते. त्या एका वाक्यात माणूस कधी नसतो. वायर असते, पिन असते, फार तर धूळ.

हे सगळं तिला वडिलांनी शिकवलं. व्याही रंगांचे कारागीर. सिनेमा कापून-जोडून झाला की शेवटी त्याचे रंग जुळवायचे असतात. एकाच प्रसंगातलं एक दृश्य उन्हात टिपलेलं, दुसरं ढग आल्यावर. बाईचा चेहरा इकडं गव्हाळ, तिकडं राखेसारखा. तो एकसारखा करायचा, आणि असा करायचा की बघणाऱ्याला काही केलंय हे कळता कामा नये. सगळे त्यांना रंगकाका म्हणत. सूनबाईचं बालपण त्या काळोख्या खोलीत, टेबलाखाली, वायरींना रंगीत चिकटपट्ट्या लावण्यात गेलं. निळी पट्टी चित्राच्या वायरीला, हिरवी आवाजाच्या. हा नियम काकांचाच. तिची आई म्हणायची, “मुलीला उजेड दाखवा जरा, नाहीतर बटाट्यासारखे कोंब फुटतील.” आई पुढं लवकर गेली. मग ती खोली हेच बापलेकीचं घर झालं.

मीही त्या खोलीत जाऊन बसायचो. घरी चिरंजीव कामावर, मी एकटा, भिंतींशी किती बोलणार? तिथं मागं एक सोफा होता, गाढवासारखा करडा. भिंतीही करड्या. का, तर भोवती रंग असला की डोळा फसतो. मी एकदा लाल सदरा घालून गेलो, तर व्याह्यांनी दारातच अडवलं.

“व्याही, आत यायचं तर सदरा काढा.”

“अहो, लेकीचा सासरा मी. उघडा बसू?”

“बसा. तुमचा रंग तसाही कुठल्याच छटेत मोडत नाही.”

अशी आमची मैत्री. त्यांना गप्प बसून काम करायला आवडे आणि मला कुणी गप्प बसून ऐकणारं.

एके दिवशी त्यांनी लेकीला फोन केला. “मॉनिटर बिघडलाय. ये.”

तेव्हा त्यांच्या हातात मिठागरांचा सिनेमा होता. एका तरुण दिग्दर्शिकेचा पहिलाच. उन्हात मीठ गोळा करणारी माणसं, त्यांचे चिरलेले पाय, आणि पांढऱ्या मिठाचे ढीगच ढीग. काका म्हणायचे, रंग कुणीही करेल, पांढरा करणं अवघड. तो जरा इकडं झाला की पिवळा, जरा तिकडं की निळा. मीठ मिठासारखं दिसलं पाहिजे. हा सिनेमा त्यांनी पोटच्या पोरासारखा धरला होता.

सूनबाई आली, बसली, हात मांडीवर. “बाबा, काल काय बदललं?”

“काहीच नाही,” काका म्हणाले, आणि दोघंही हसली. मग त्यांनी दाखवलं. टेबलावर एका बाजूला छोट्या पडद्यावर आलेख उमटतो, मशीन आतून कुठला रंग किती पाठवतंय ते सांगणारा. “हा बघ, आलेख म्हणतोय पांढरा बरोबर आहे. आणि मॉनिटरवर मीठ बघ, हळद सांडल्यासारखं. मी डोळ्यांनी बरोबर केलं तर आलेख म्हणतो निळं झालं. परवा त्या पोरीनं घरी नेऊन बघितलं, तीही म्हणाली, काका, बर्फासारखं निळं दिसतंय. म्हणजे मॉनिटर खोटं बोलतोय.”

बिनतोड बोलणं. मीही मान डोलावली.

सूनबाईनं वायर बदलली. पिवळंच. मशीन आणि मॉनिटरच्या मध्ये चित्र पोचवणारा एक डबा असतो, तो बदलला. पिवळंच. सॉफ्टवेअरमधल्या रंगांच्या सेटिंग्ज एकेक तपासल्या, सगळं जिथल्या तिथं. मग तिला दिसलं की मॉनिटरच्या मागं भिंतीवर जो दिवा असतो, त्यात झाडलोट करणाऱ्यानं घरगुती पिवळा बल्ब घातला होता. “सापडलं!” ती एवढ्यानं ओरडली की मी दचकलो. “बाबा, मागून पिवळा उजेड पडतोय, म्हणून!” योग्य बल्ब घातला. काका पुढं झुकले. मीही सोफ्यावरून मान लांब केली. मला तर मीठ पांढरंशुभ्र दिसलं.

काकांनी मान हलवली. “फरक नाही गं.”

मग तिनं पिशवीतून प्रोब काढला. उंदराएवढं यंत्र, मॉनिटरवर लोंबकळत सोडायचं, ते रंग मोजतं. मोजलं. मॉनिटर एकदम बरोबर. ती उठली. खाली जाऊन दुसऱ्या स्टुडिओतून मॉनिटर उसना आणला, तिनंच रंग जुळवून दिलेला. दोन्ही शेजारी ठेवले, दोन्हींवर तेच मीठ.

“हाही पिवळाच,” काका म्हणाले. “दोन्ही बिघडलेत. एकाच कारखान्यातले असतील.”

सूनबाई दोन मॉनिटरच्या मध्ये उभी होती. मग टेबलाखाली वाकून अगदी सहज म्हणाली, “बाबा, निळ्या पट्टीची वायर द्या ना जरा.”

काकांनी चटकन दिली. हिरवी.

तिनं ती घेतली. बाजूला ठेवली. निळी स्वतःच उचलली. बराच वेळ टेबलाखालीच राहिली. बाहेर आली तेव्हा केसांत जळमटं होती, ती तिनं झटकली नाहीत.

“बिघाड कुठं होता?” काकांनी विचारलं.

“मॉनिटरमध्येच आहे, बाबा. बनावटीतला दोष. मी जुळवून देते.”

त्या वेळी मला यातलं काही कळलं नाही. म्हातारा हिरवी-निळी चुकला, खोली काळोखी, त्यात काय? मला घराच्या किल्ल्या चष्म्याच्या घरात सापडतात.

सूनबाईनं मॉनिटर जुळवून दिला. काका खूश झाले. “हं! आता कसं मीठ दिसतंय!” आणि खरंच, त्यानंतर त्यांचं काम पुन्हा सरळ व्हायला लागलं. त्या पोरीनं घरी नेऊन बघितलं आणि धावत आली. “काका, जमलं!” पाहुण्यांसाठी सोफ्यासमोर दुसरा मॉनिटर होता, तो सूनबाईनं थोडा आमच्याकडं वळवून दिला. आणि काकांच्या मॉनिटरला काळ्या पुठ्ठ्याची मोठी झडप केली, वरून आणि दोन्ही बाजूंनी. म्हणाली, उजेड परावर्तित होतो. घोड्याला लावतात तशी ती ढापणं. आता आत काय दिसतंय, ते फक्त काकांना.

एकदा मी त्यांना चहा द्यायला पुढं वाकलो आणि डोकं झडपेच्या आत गेलं. बघतो तर काय, मीठ निळंशार! नीळ जास्त झालेला सदरा दोरीवर वाळत घालावा, तसं. वळून आमचा मॉनिटर बघितला, तर तिथं पांढरं. मी तोंड उघडणार, इतक्यात काका म्हणाले, “काय व्याही, आहे की नाही पांढरा?”

“आहे,” मी म्हटलं, आणि चहा माझ्याच हातावर सांडला.

घरी आल्यावर सूनबाई भांडी पुसत होती. मी विचारलं. तिनं फडकं खाली ठेवलं नाही, पुसलेलंच ताट पुन्हा पुसत राहिली.

“मामा, त्यांना निळा कमी दिसायला लागलाय. साखरेच्या आजारानं. चष्म्याचा नंबर काढायचा म्हणून मी डॉक्टरांकडं नेलं होतं. वाचता येईल, चालता-फिरता येईल, पण गेलेला रंग परत यायचा नाही, म्हणाले. मला बाजूला बोलावून. बाबांना एवढंच माहीत आहे की डोळ्यांची काळजी घ्यायची.” मग म्हणाली, “त्यांना जेवढा कमी दिसतो, तेवढा मी मॉनिटरमध्ये वाढवलाय. म्हणजे काम बरोबर होतं. चष्म्याला नंबर असतो ना, तसा हा त्यांचा चष्मा समजा.”

“अगं, पण चष्मा घालणाऱ्याला आपल्या नाकावर चष्मा आहे हे ठाऊक असतं.”

ती एकदम थांबली. “सिनेमा पुरा होऊ द्या. मी सांगेन.” आणि नंतर, अगदी हळू, “मी आजवर एकाही मॉनिटरला खोटं बोलायला लावलं नव्हतं, मामा.”

मी सासरा असलो तरी तिच्या डोक्यावर हात ठेवायचं धाडस झालं नाही. नुसता तिथं उभा राहिलो आणि वेगळंच काहीतरी बोललो, माझ्या शाळेतल्या शेळीचं. ती गोष्ट मी फार वेळा सांगितलेली आहे. तरी ती हसली. गुणाची पोर.

त्यानंतर ती दर भेटीला थोडा थोडा निळा वाढवत गेली. काका म्हणायचे, “मॉनिटर पुन्हा उतरतोय गं.” ती म्हणायची, “हो बाबा, जुना झालाय.” काका त्याच्या माथ्यावर थोपटायचे, “माझ्यासारखाच.” पण मॉनिटरमध्ये निळा कमी-जास्त करायची जी सरकपट्टी असते, तिलाही टोक असतं. सिनेमा संपता संपता पट्टी टोकाला जाऊन टेकली, आणखी निळा वाढवायला जागाच उरली नाही. त्या दिवशी घरी येऊन सूनबाई जेवली नाही. चिरंजीवांनी विचारलं, तर म्हणाली, “पाठ दुखतेय.” टेबलाखाली शिरणाऱ्याची पाठ दुखते, खोटं कुणाला वाटेल?

मग सिनेमा दाखवायचा दिवस आला. मोठं सभागृह, भरलेलं. सूनबाई काकांच्या एका बाजूला, मी दुसऱ्या. अंधार झाला आणि समोर ते मीठ आलं. काय सांगू तुम्हाला! क्षितिजापर्यंत पांढरं, आणि त्यात एक बाई डोक्यावर टोपली घेऊन चाललेली. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, “पांढरा काय पकडलाय!” मला वाटलं उठून सांगावं, अहो, हे आमचे व्याही!

काका पुढं झुकले होते. मग मागं टेकले. मग पुन्हा झुकले. माझ्या कानाशी आले.

“व्याही, मीठ कसं दिसतंय?”

“मिठासारखं,” मी म्हटलं.

“पिवळं नाही?”

आता काय बोलावं? आयुष्यभर बोलत आलो मी, कुठं थांबू हे लोकांना सांगावं लागायचं. आणि तिथं मी खुर्चीचा दांडा चाचपत बसलो. पलीकडं सूनबाईचे हात मांडीवर होते, मशीनसमोर बसते तसेच. काकांनी माझ्या तोंडाकडं बघितलं, मग भोवतीच्या लोकांच्या तोंडाकडं. पडद्याचा उजेड सगळ्यांच्या चेहऱ्यावर पडला होता. कुणाच्याही कपाळाला आठी नव्हती. टाळ्या झाल्या तेव्हा त्या दिग्दर्शिकेनं त्यांना उभं केलं. त्यांनी हात जोडले. खाली बसल्यावर मात्र अंगठ्यानं चष्म्याची काच पुसत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा मला निरोप आला, खोलीवर या. गेलो. काकांनी सूनबाईचा जुना प्रोब शोधून काढला होता, कपाटात पडून असलेला. आजवर त्यांनी तो कधी हातात घेतला नव्हता. म्हणायचे, माझे डोळे असताना उंदराला कशाला विचारू? आता स्वतःच झडपेतून हात घालून तो मॉनिटरवर लटकवत होते. प्रोब काचेवर टक टक वाजत होता. मापं आली. मला आकड्यांतलं कळत नाही, पण सगळे लाल होते एवढं दिसलं. लाल त्यांनाही दिसत होतं.

ते खुर्चीत बसले. मोठ्यानं, स्वतःशीच, मोजत गेले. “वायर बदलून झाली. डबा बदलून झाला. दिवा बदलून झाला. मॉनिटर बिघडलेला आहे, आणि सिनेमा बरोबर आहे.” मग त्यांनी चष्मा काढला, पुन्हा घातला. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं, ती होत नव्हती.

मग त्यांनी फोन उचलला. गिऱ्हाइकानं बोलावं तसे बोलले. “मॉनिटरची तक्रार आहे. येऊन जा.”

पुढचं आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. काकांनी त्यानंतर काम घेतलं नाही. खोली त्या दिग्दर्शिकेच्या ओळखीच्या एका मुलीला दिली. आता ते दुपारी आमच्याकडं येतात, मी बोलतो, ते ऐकतात. कधी कधी मध्येच विचारतात, “आभाळ आज कसं आहे, व्याही?” मी सांगतो. मी वर्णन वाढवून सांगतो हे त्यांना ठाऊक आहे, ते मनातल्या मनात थोडं कमी करून घेतात. त्यांचा आलेख आता मीच. पण त्या सकाळचं राहिलं.

सूनबाई आली. दारातच तिला मॉनिटरवर लटकलेला प्रोब दिसला. पिशवी खांद्यावरून उतरवायची विसरली.

“बस,” काका म्हणाले. ती बसली. हात मांडीवर. पण “काल काय बदललं” हे तिनं विचारलं नाही.

“सरळ कर तो,” काका म्हणाले.

“बाबा...”

“सरळ कर, पोरी. मशीनला खोटं बोलायला लावू नये. कुणी शिकवलं तुला?”

“तुम्हीच.”

“मग?”

तिनं केलं. त्याला काही वेळ लागत नाही, दोन बटणं. निळाई ओसरली आणि मीठ पांढरं झालं. मला पांढरं. तिला पांढरं. काकांनी हात पुढं करून ती काळी झडप काढली, घडी घातली, टेबलाखाली ठेवली. मग सिनेमा सुरू केला. टोपलीवाली बाई मिठातून चालत गेली. आम्ही तिघंही बघत होतो, आणि आमच्यातला एक वेगळंच काही बघत होता. बाई पडद्याबाहेर गेली तेव्हा त्यांनी चित्र थांबवलं.

“काम झालं की सांगायचं असतं ना?” ते म्हणाले. आवाज अगदी साधा, रोजचा. “सांग. बिघाड कुठं होता? आणि वायर सांगू नकोस.”

मी सोफ्यावर अंग चोरून बसलो. वाटलं, आता ही म्हणेल, पिन. म्हणेल, धूळ. कितीजणांची नाकं हिनं वाचवली होती, आणि हे तर बापाचं.

सूनबाईनं पिशवी खाली ठेवली. खुर्ची ओढून त्यांच्या अगदी समोर आणली. त्यांचा चष्मा काढून आपल्या ओढणीनं पुसला, पुन्हा त्यांच्या कानांवर नीट बसवला, आणि म्हणाली,

“डोळ्यात आहे, बाबा. बाकी सगळं मी बदलून बघितलं.”